वेशीच्या आतलं जालना

जालन्याचं नाव निघालं की "जालना सोने का पालना" ही म्हण कुणीतरी ऐकवतंच. सोनं म्हणजे इथला व्यापार. मला मात्र त्यातला पाळणा जास्त महत्त्वाचा वाटतो. पाळणा कसा, हाताच्या अंतरावर असतो!

जुनं गाव तसंच होतं. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, पलीकडे कादराबाद. मलिक अंबरच्या काळात जमशेदखानाने इथे मशीद, सराय आणि मोती तलाव बांधला असं सांगतात. तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांपर्यंत यायचं. पुढे १७२५ मध्ये आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने गढी उभारली. तटाच्या आत जागा मोजकी आणि बहुतेकांचं वाहन म्हणजे स्वतःचे पाय. मग पाणी, बाजार, देऊळ, मशीद सगळं चालत पोचण्याजोगं असणारच. मूर्ती वेस, पाणी वेस ही नावं अजून तोंडात आहेत.

ही जवळीक सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही, हेही खरं. जुन्या गावांत कुणी कुठे राहायचं, कुठलं पाणी भरायचं हे जात ठरवायची. ते परत नकोच.

गंमत बघा. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सीसाइड नावाचं गाव वसवायला सुरुवात झाली. आंद्रेस ड्युआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क या वास्तुकारांनी ते मुद्दाम जुन्या वळणाचं आखलं: घराला रस्त्याकडे तोंड करून पडवी, मध्यावर दुकानं, सगळीकडे पायी जाता येईल असं. मोटारींना कंटाळलेले लोक ओटा आणि गल्ली नव्याने शोधत होते, आणि आपण त्याच सुमारास गावाबाहेरच्या प्लॉटकडे निघालो होतो.

माझी आत्या जुन्या भागात होती तोवर भाजी, देवदर्शन, डॉक्टर सगळं एकटीने करायची. आता कॉलनीत मोठं घर आहे, अंगण आहे. पण कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा तिला नातवाच्या स्कूटरची वाट बघावी लागते. पाय तेच आहेत, अंतर बदललं..

२०२३ मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली. शहर अजून वाढेल, वाढावंच. फक्त नवा ले-आउट मंजूर करताना एवढं विचारावं: इथली म्हातारी माणसं कुणाला न विचारता कुठवर जाऊ शकतील?

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे?