अव्यंग देह आणि सत्तेतील वाटा

राज्यकर्त्याने आपले शारीरिक व्यंग लोकांपासून झाकून ठेवण्याचा प्रघात निवडणुकांच्या आणि छायाचित्रांच्या युगात सुरू झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांचा व त्यांच्या भोवतालच्या प्रदेशाचा इतिहास पाहता या प्रघाताची मुळे वारसाहक्काच्या कायद्यात असल्याचे दिसते. ज्याचे शरीर अधू त्याला वाटा नाही, हा नियम एकदा मान्य झाला की अधूपण लपवणे हा केवळ अभिमानाचा प्रश्न राहत नाही, तो हक्काचा आणि पोटापाण्याचा प्रश्न होतो.

हा नियम ज्या ग्रंथामुळे बंगाल व आसामखेरीज जवळजवळ सर्व हिंदुस्थानात प्रमाण ठरला, तो ‘मिताक्षरा’ हा ग्रंथ याच परिसरात लिहिला गेला. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (कारकीर्द १०७६ ते ११२६) याची राजधानी कल्याणी, म्हणजे आज बीदर जिल्ह्यात असलेले आणि लातूर-धाराशिवच्या सीमेपासून जवळच असलेले बसवकल्याण. तेथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका रचली. मूळ स्मृतीत पंगू, आंधळा, वेडा, जड बुद्धीचा आणि असाध्य रोगाने ग्रासलेला अशा व्यक्तींना ‘निरंशक’ म्हटले आहे. निरंशक म्हणजे ज्याला कुटुंबाच्या मालमत्तेत अंश मिळत नाही, मात्र ज्याचे भरणपोषण करणे वारसांवर बंधनकारक असते, असा मनुष्य. विज्ञानेश्वराने या नियमाला जे खुलासे जोडले ते येथे अत्यंत महत्त्वाचे आहेत. व्यंग वाटणीच्या आधी उद्भवलेले असेल तरच हक्क जातो, वाटणी झाल्यानंतर उद्भवलेल्या व्यंगाने मिळालेला वाटा परत घेता येत नाही. औषधोपचाराने दोष दूर झाला तर पूर्वी वगळलेल्या माणसालाही अंश द्यावा लागतो. आणि निरंशकाचा मुलगा निर्दोष असेल तर तो आपल्या हक्काने वारस ठरतो. या खुलाशांत माणुसकी आहे यात शंका नाही, परंतु त्यांतूनच लपवाछपवीचा हिशेबही तयार होतो. वाटणीचा दिवस एकदा पार पडला की व्यंग उघडे झाले तरी बिघडत नाही, तेव्हा त्या दिवसापर्यंत ते झाकून ठेवणे हाच शहाणपणा ठरतो.

राजगादीच्या बाबतीत हाच विचार महाभारताने सर्वांच्या परिचयाचा करून ठेवला होता. प्रतीपाचा ज्येष्ठ पुत्र देवापी त्वचारोगामुळे राज्याला मुकला आणि शंतनू राजा झाला. धृतराष्ट्र ज्येष्ठ असूनही अंधत्वामुळे प्रथम डावलला गेला. देवापीच्या कथेत त्याच्या अभिषेकाला हरकत घेणारे ब्राह्मण आणि वृद्ध नागरिक होते, म्हणजे राजाच्या शरीराची पारख करण्याचा अधिकार प्रजेतील प्रतिष्ठितांकडे होता असे कथाकार गृहीत धरतो.

पुढे बहमनी राजवटीत या समजुतीचा वापर शस्त्रासारखा झाला. कंधार, औसा आणि उदगीर हे किल्ले ज्या राज्याचे आधार होते, त्या राज्यात प्रतिस्पर्धी राजपुत्राला ठार मारण्याऐवजी त्याचे डोळे काढण्याची प्रथा रूढ होती, कारण आंधळा मनुष्य गादीवर बसू शकत नाही असे मानले जाई. १३७८ साली दाऊदशाहाचा अल्पवयीन मुलगा संजर याचे आणि १३९७ साली सुलतान गियासुद्दीनचे डोळे याच हेतूने काढण्यात आले. तरीही हा नियम अभेद्य नव्हता. हुमायूनशाहाच्या काळात (१४५८ ते १४६१) आंधळा केलेला त्याचा भाऊ हसनखान याला बंडखोरांनी बीदरच्या कैदेतून सोडवले, बीडकडे नेले आणि त्यालाच सुलतान म्हणून पुढे केले. बंड मोडले गेले आणि हसनखानाचा शेवट अत्यंत क्रूरपणे झाला. परंतु डोळे नसलेल्या माणसाच्या मागेही सैन्य उभे राहू शकते, हे मराठवाड्याच्या भूमीवर त्या काळी दिसून आले होते.

मराठेशाहीत युद्धात आलेले अधूपण लपवले जात नसे. पानिपतावर १७६१ साली पायाला झालेल्या जखमेमुळे महादजी शिंदे जन्मभर लंगडत चालले आणि त्यामुळे त्यांच्या अधिकाराला उणेपणा आला नाही, उलट ती जखम त्यांच्या पराक्रमाची साक्ष मानली गेली. जन्मजात किंवा रोगाने आलेल्या व्यंगाची गोष्ट निराळी होती. नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांचा मुलगा परसोजी अंध आणि अर्धांगाने जर्जर होता. तो १८१६ साली गादीवर आला तेव्हा कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांच्या हाती गेला, त्यांनी त्याच वर्षी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी बिछान्यात मृत आढळला. त्यापूर्वी निजामाच्या राज्यातही, ज्यात नांदेड आणि लातूर हे दोन्ही भाग मोडत, असाच अनुभव येऊन गेला होता. १८०३ साली निधन पावलेला निजाम अली अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने पंगू झालेला होता आणि त्याच्या प्रकृतीतील चढउतारांवर हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनी सरकारचा प्रतिनिधी, बारीक लक्ष ठेवून असे. दोन्ही ठिकाणी दिसते ते एकच : राज्यकर्ता अधू झाला की सत्ता त्याच्या खाटेभोवतीच्या माणसांकडे सरकते, आणि त्याच्या प्रकृतीची खरी माहिती कोणाला द्यायची व कोणाला नाही हेही मग तीच माणसे ठरवतात.

मिताक्षरेतील अपात्रता कायद्याने दूर होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९२८ च्या कायद्याने जन्मापासूनचे वेड किंवा मतिमंदत्व वगळता कोणताही रोग, विरूपता किंवा दोष यांमुळे हिंदू वारसाला अपात्र ठरवण्यास बंदी केली. मात्र तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता आणि नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात असल्याने तेथे तो आपोआप लागू झाला नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने उरलेला भेदही मिटवला. संविधानाने तर विधिमंडळाच्या व संसदेच्या सदस्यत्वासाठी शरीराची कसलीच अट घातली नाही; अनुच्छेद १०२ आणि १९१ यांत प्रकृतीच्या कारणावरून केवळ सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेली व्यक्ती अपात्र आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या काही राज्यांतील कायद्यांत मात्र जुनी वृत्ती टिकून राहिली. ओडिशाच्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरोग्याला अपात्र ठरवणारी तरतूद होती आणि धीरेंद्र पंडुआ यांच्या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, जरी वैद्यकीय प्रगती पाहता अशी तरतूद ठेवावी की नाही याचा विधिमंडळाने गांभीर्याने विचार करावा असेही न्यायालयाने सुचवले. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो हे तोपर्यंत सर्वमान्य झालेले होते. असा कायदा अस्तित्वात असताना उमेदवाराने आपला रोग लपवला, तर त्याला दोष देणे न्यायाचे नाही.

लोकशाहीत वाटणीच्या दिवसाची जागा मतदानाच्या दिवसाने घेतली आणि पारख करणारे प्रतिष्ठित जाऊन छायाचित्रे आली. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आहे. १९२१ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओसारख्या आजाराने त्यांचे दोन्ही पाय निकामी झाले. ते उभे राहत ते पायांना बांधलेल्या पोलादी पट्ट्यांच्या आधाराने. गुडघ्याजवळची खिट्टी बसवली की पट्टी ताठ होई, आणि मग एका हाताने काठी व दुसऱ्या हाताने मुलाचा किंवा साहाय्यकाचा दंड घट्ट धरून, कंबरेतून एकेक पाय पुढे फेकत ते चालत. चाकाच्या खुर्चीतले त्यांचे छायाचित्र घेऊ नये, असा संकेत बातमीदारांनी बहुतांशी पाळला. त्यांना पोलिओ झाला होता हे लोकांना ठाऊक होते. त्यांना आधाराशिवाय चालताच येत नाही हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. १ मार्च १९४५ रोजी अमेरिकी संसदेपुढे बसून भाषण करताना त्यांनी पायांवरच्या पोलादी ओझ्याचा उल्लेख केला आणि बसून बोलण्याबद्दल क्षमा मागितली. त्यानंतर सहा आठवड्यांत त्यांचे निधन झाले.

मराठवाड्याच्या भवितव्याशी सर्वांत निकटचा संबंध आलेले गुपित मात्र व्यंगाचे नसून व्याधीचे होते. १९४८ साली लातूर हे हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातील बाजारपेठेचे गाव होते आणि रझाकार संघटनेचा नेता कासिम रझवी याच गावात वकिली करत असे. संस्थान भारतात विलीन होऊ नये म्हणून त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ज्या आशा बाळगल्या होत्या, त्यांत पाकिस्तानच्या पाठबळाची आशा मोठी होती. परंतु महंमद अली जीना यांना फुप्फुसाच्या क्षयाने पोखरले होते आणि हे मुंबईतील डॉक्टर जाल पटेल यांच्यासारख्या मोजक्यांनाच माहीत होते. क्ष-किरण छायाचित्रात दिसलेला हा रोग फाळणीपूर्वी कसोशीने गुप्त ठेवला गेला, असे लॅपिएर आणि कॉलिन्स या लेखकांनी १९७५ साली प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून हे गुपित फुटले असते तर काय झाले असते यावर वाद चालू आहे. या वादात ठाम बाजू घेणे अवघड आहे, कारण फाळणीची कारणे एका माणसाच्या आयुर्मानापेक्षा पुष्कळ मोठी होती. घटनाक्रम मात्र स्पष्ट आहे. १९४८ च्या जुलैअखेरीस जीना बलुचिस्तानातील जियारत येथे अंथरुणाला खिळून होते. ११ सप्टेंबरला कराचीत त्यांचे निधन झाले. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. पाकिस्तानकडे डोळे लावून बसलेल्या रझाकारांना आपला आधारस्तंभ किती पोखरला आहे याची कल्पना नव्हती. दिल्लीतही सरदार पटेलांना त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि त्यांनी काही काळ डेहराडूनला विश्रांती घेतली होती. फरक इतकाच, की ते सहकाऱ्यांना ठाऊक होते आणि कामाची घडी त्यानुसार बसवता आली.

जुन्या हैदराबाद संस्थानाच्या तेलंगण भागातून पुढे आलेले एस. जयपाल रेड्डी यांचे उदाहरण या गुप्ततेच्या अगदी उलट आहे. लहानपणीच पोलिओने पाय गेलेले रेड्डी १९६९ साली कलवकुर्तीतून विधानसभेवर निवडून आले, पुढे अनेकदा खासदार आणि केंद्रीय मंत्री झाले, आणि कुबड्या घेऊनच सभेत, सदनात आणि छायाचित्रांत वावरले. रूझवेल्ट यांनी जे झाकले तेच रेड्डी यांनी उघड्यावर बाळगले आणि ग्रामीण मतदाराने त्यांना वारंवार निवडून दिले, ही वस्तुस्थिती मतदार अधू नेत्याला स्वीकारत नाही या समजुतीला मोठा छेद देते.

आजाराच्या बाबतीत मात्र मौनाची रीत टिकून आहे. लातूरजवळच्या बाभळगावचे सरपंच म्हणून राजकारणाला सुरुवात केलेले आणि दोनदा मुख्यमंत्री झालेले विलासराव देशमुख २०१२ साली केंद्रीय मंत्री असताना यकृताच्या गंभीर विकाराने आजारी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांना मुंबईहून चेन्नईला हलवण्यात आले तेव्हा कुठे सर्वसामान्य लातूरकरांना आजाराचे स्वरूप कळले, आणि १४ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. ज्या प्रदेशात नेत्याचे काम म्हणजे रोजच्या भेटीगाठी, लग्ने, मयती, बाजार समितीपासून साखर कारखान्यापर्यंतच्या बैठका आणि गावोगावच्या माणसांची नावानिशी ओळख असे असते, तेथे प्रकृती ढासळल्याची कुणकुण लागताच तिकिटाचे इच्छुक आणि सहकारी संस्थांतील गट दुसरा आश्रय शोधू लागतात. अशा राजकारणात आजार सांगणे म्हणजे वारसाची चर्चा स्वतःच सुरू करून देणे होय, आणि म्हणूनच एका माणसाच्या मौनाचा जाब त्या एकट्याला विचारणे अपुरे आहे.

हेच मौन गोव्यातही दिसले. २०१८ साली मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर मार्चमध्ये उपचारांसाठी अमेरिकेला गेले तेव्हा मुख्यमंत्रिपदाचा कार्यभार कोणाकडेही न देता तीन मंत्र्यांची सल्लागार समिती नेमली गेली. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे आरोग्यमंत्र्यांनी जाहीरपणे मान्य केले ते ऑक्टोबरच्या अखेरीस. जानेवारी २०१९ मध्ये पर्रीकरांनी नाकात नळी असतानाच अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला ते पदावर असतानाच निवर्तले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांनंतर उमेदवाराला मालमत्ता, गुन्हे आणि शिक्षण यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते, प्रकृतीची द्यावी लागत नाही, आणि ती सक्तीने मागणे म्हणजे शरीराची जुनी पारख नव्या कागदावर आणणे ठरेल. पदावरील मुख्यमंत्री कारभार करण्यास असमर्थ झाल्यास काय करावे, हा प्रश्न याहून वेगळा आहे. अमेरिकेने १९६७ साली पंचविसाव्या घटनादुरुस्तीने अध्यक्षापुरते त्याचे उत्तर लिहून ठेवले, तर भारतीय संविधानात मुख्यमंत्र्याच्या तात्पुरत्या असमर्थतेसाठी कोणतीही लिखित कार्यपद्धती नाही आणि तो निर्णय अद्यापही खुद्द आजारी व्यक्तीवर, तिच्या पक्षावर आणि तिच्या भोवतालच्या माणसांवर सोपवलेला आहे.