शहात्तर अंश फॅरनहाइट

‘डिझेलात पेटती काडी टाका, विझून जाईल.’ वाशिम-कारंज्याकडच्या गॅरेजात हे वाक्य ऐकले नाही असा ड्रायव्हर विरळा. भांड्यातल्या गार डिझेलापुरते ते खरेही आहे. घोटाळा ‘गार’ या शब्दात आहे.

तेल किती धोक्याचे, हे मोजायची रीत फ्रेडरिक एबल या ब्रिटिश रसायनज्ञाची. छोट्या पेल्यात तेल घ्यायचे, झाकण लावायचे, भोवतीचे पाणी हळूहळू तापवायचे आणि थोड्या थोड्या वेळाने झाकणाची खिडकी सरकवून इवलीशी ज्योत आत डोकावू द्यायची. ज्या अंशाला वाफ भप्पकन पेटते, तो त्या तेलाचा फ्लॅश पॉइंट. 1879 मध्ये ब्रिटनने धोक्याची रेषा 73 अंश फॅरनहाइटवर ओढली. हिंदुस्थानच्या 1899 च्या पेट्रोलियम कायद्यात ती 76 झाली. वऱ्हाडात तेव्हा ‘बासीम’ म्हणजे आजचे वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता (1905 मध्ये तो अकोल्यात गेला) आणि चिंता मोटारींची नव्हती, दिव्यातल्या रॉकेलची होती. 76 अंश म्हणजे साडेचोवीस सेल्सिअसच्या आत; इथे तेवढे तर हिवाळ्यातल्या दुपारीही होते!

आज पेट्रोल ‘अ’ वर्गात, डिझेल ‘ब’ वर्गात. या वर्गांच्या नियमांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरातच आहे. डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश सेल्सिअस असावा, असे भारतीय मानक सांगते. मे महिन्यात वाशिमचा पारा चाळिशी सहज ओलांडतो.

आणि फुटलेल्या नळीतून डिझेलचा फवारा तापलेल्या टर्बोवर उडाला, तर काडीचीही गरज नाही. साधारण सव्वादोनशे अंशांच्या आसपास ते ठिणगीवाचून पेटते. पेट्रोलला त्याहून जास्त ताप लागतो. ‘सुरक्षित’ तेलाची ही बाजू गॅरेजातल्या म्हणीत येत नाही.

1 जुलै 1998 रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. बरोबर 25 वर्षांनी, 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर, शेजारच्या बुलढाण्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली डिझेलवरची बस उलटून पेटली. दार खाली दबले गेले. 25 प्रवासी गेले. वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर पडले.

रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसाल, तेव्हा झोपण्याआधी काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, तेवढे बघून घ्या.