उनाडकीचा अभ्यासक्रम

लगोरीचा लेखक कोण, हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. आट्यापाट्यांच्या पाट्या पहिल्यांदा कुणी आखल्या, विटीदांडूत वकट-लेंड कुणी घुसडले, याचीही चौकशी कुणी केली नाही. खेळ हा पावसासारखा आपोआप पडतो आणि मुलांनी त्यात भिजायचे असते, अशीच आपली समजूत. खेळ रचणे हा पोटापाण्याचा धंदा असू शकतो, ही गोष्ट आमच्या पिढीला कुणी सांगितली नाही. सांगितली असती तर आमच्या वडिलांनी सांगणाऱ्यालाच घराबाहेर काढले असते.

आता हा धंदा झाला आहे. त्याची कॉलेजे निघाली आहेत आणि त्यांच्या फीचा आकडा ऐकला की कॉलेज चालवणे हाच खरा खेळ असावा अशी शंका येते. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा अशा कॉलेजात जातो. तो दुपारी सिनेमे पाहतो, संध्याकाळी जुन्या बाजारात हिंडतो आणि रात्री कॉमिक्स वाचतो. मी म्हटले, "अरे, मग अभ्यास केव्हा करतोस?" तो म्हणाला, "काका, हाच अभ्यास. सर म्हणतात, खेळ करायचा असेल तर खेळ सोडून बाकी सगळं बघा."

प्रथम मला हे थेट उनाडकीचे समर्थन वाटले. पण खेळांच्या इतिहासात थोडे डोकावल्यावर कळले की त्याचे सर अगदी खरे बोलले. जगातले नामांकित खेळ खेळांतून आलेलेच नाहीत. कुणी पुस्तकातून उचलला, कुणी ताटातून, तर कुणी चक्क चिखलातून.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स नावाचे एक गृहस्थ राहत. शिकागोच्या विमा कंपनीतली नोकरी १९७० साली सुटल्यावर ते जोडे दुरुस्त करीत. उरलेल्या वेळात (आणि त्यांच्या बाबतीत तो बराच उरत असावा) युद्धाचे खेळ मांडीत. त्यांनी आणि डेव्ह आर्नेसन यांनी मिळून १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचे. एकाने सांगायचे, "समोर अंधारी गुहा आहे, आतून गुरगुर ऐकू येते आहे." बाकीच्यांनी आपण काय करणार ते सांगायचे आणि निकाल फाशांवर सोडायचा. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीला साधारण याच पद्धतीने बसतात.

या खेळाच्या सूत्रधारासाठी गायगॅक्स यांनी १९७९ साली एक जाडजूड मार्गदर्शिका लिहिली आणि तिच्या शेवटी 'परिशिष्ट एन' जोडले. परिशिष्ट हा ग्रंथाचा असा भाग, की तो लेखकाने लिहिलेला असतो आणि मुद्रितशोधकाने वाचलेला असतो. हे परिशिष्ट मात्र लोक अजून वाचतात. त्यात, हा खेळ करताना ज्या लेखकांनी डोके पेटवले त्यांची यादी आहे. रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, लव्हक्राफ्ट, जॅक व्हान्स, टॉल्किन, एकाहून एक अद्भुत. यातले पुष्कळसे लिखाण मुळात स्वस्त मासिकांत, भडक मुखपृष्ठांमागे छापलेले. म्हणजे ज्या जातीची पुस्तके आपण बीजगणिताच्या पुस्तकात लपवून वाचली, त्याच जातीची या माणसाने उघड यादी करून अभ्यासाला लावली. बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकांना केवढे उशिरा मिळालेले प्रशस्तिपत्र!

बरे, यादी नुसती शोभेची नाही. जॅक व्हान्सच्या कथांतला जादूगार मंत्र घोकून पाठ करतो आणि एकदा उच्चारला की तो त्याच्या डोक्यातून पार पुसला जातो. पुन्हा हवा तर पुन्हा घोकायचा. गायगॅक्स यांनी हा नियम जसाच्या तसा खेळात घेतला. आता कितीही शक्तिमान जादूगार असला तरी आज कोणते मंत्र पाठ करून निघायचे, याची त्याला पंचाईत. एका लेखकाची लहर आणि तिच्यातून खेळातला केवढा पेच तयार झाला! (पेपर लिहून बाहेर आलो की आम्हीही याच पद्धतीचे जादूगार होतो, पण त्याला कुणी साहित्यिक प्रेरणा मानले नाही.) आणि यादीत नसलेली एक प्रेरणा तर फारच गोड आहे. हाँगकाँगी बनावटीच्या, पिशवीतून मिळणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या प्राण्यांत काही प्राणी कशासारखेच दिसत नसत. गायगॅक्स यांनी त्यांनाच नावे देऊन राक्षस केले. त्यांतला एक लोखंडाला गंज चढवतो. मुंबईकराला त्याचे नवल वाटायचे कारण नाही. जूनपासून तो आपल्या प्रत्येक खिडकीच्या गजावर बसलेला असतो.

जपानी मंडळींची तऱ्हा आणखी वेगळी. तोरू इवातानी यांचा 'पॅकमॅन' १९८० साली आला. बायकांनाही खेळावेसे वाटेल असे काहीतरी करायचे म्हणून त्यांनी खाण्याचा विषय निवडला. पिझ्झाचा एक तुकडा काढल्यावर उरलेला आकार पाहून तो गोल तोंडाळ प्राणी सुचला, असे ते सांगत. पुढे त्यांनी कबूल केले की ही अर्धीच गोष्ट. जपानी लिपीतले 'तोंड' या अर्थाचे चौकोनी अक्षरही त्यांनी गोलसर करून पाहिले होते. नाव आले ते मटामटा खाण्याच्या 'पाकु-पाकु' या जपानी आवाजावरून. आणि मोठी गोळी गिळल्यावर भुतांच्याच मागे लागायची ताकद येते ना, ती पॉपायच्या पालकावरून. आपल्या आया पालकाबद्दल हेच सांगून थकल्या. त्या बिचाऱ्यांना पेटंट घ्यायचे सुचले नाही.

हा पॉपाय दुसऱ्याही एका खेळाचा धनी. निंटेंडो कंपनीला १९८१ साली पॉपायवरच खेळ काढायचा होता, पण त्याची परवानगी मिळाली नाही. शिगेरू मियामोतो हा तिथला तरुण चित्रकलेच्या कॉलेजातून आलेला, मनातून व्यंग्यचित्रकार व्हायचे होते. त्याने पॉपायच्या जागी एक टोपीवाला सुतार घातला, दांडगट ब्लूटोच्या जागी वानर, आणि प्रेमाचा त्रिकोण तसाच ठेवला. तो 'डाँकी काँग', आणि तो सुतार म्हणजे पुढे नळदुरुस्तीच्या धंद्यात शिरून जगप्रसिद्ध झालेला मारिओ. त्याला मिश्या का? तर तेवढ्या चिमुकल्या ठिपक्यांत तोंड काढता येईना. टोपी का? केस काढता येईनात. पुष्कळ कलावंतांच्या शैलीचे रहस्य इतकेच असते. टीकाकार उगाच खोलात शिरतात. याच मियामोतोने लहानपणी क्योटोजवळच्या सोनोबेच्या रानात एक गुहा शोधून काढली होती आणि कंदील घेऊन तो आत गेला होता. ती गुहा १९८६ च्या 'झेल्डा'त उतरली.

पण मला सर्वांत भावतात ते सातोशी ताजिरी. टोकियोच्या कडेच्या माचिदा गावात त्यांचे बालपण डबक्यांतले किडे गोळा करण्यात गेले. पुढे शहर वाढले, डबकी बुजली आणि किडे गेले. मोठेपणी दोन खेळयंत्रे जोडणारी वायर पाहून त्यांच्या मनात आले, हिच्यावरून किडे इकडून तिकडे चालत जाऊ शकतील! त्यातून १९९६ साली 'पोकेमॉन' निघाला. बुजवलेल्या डबक्याचे असे श्राद्ध दुसऱ्या कुणी घातलेले मला ठाऊक नाही.

हे सगळे तिकडेच घडते असे मात्र समजू नका. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा पाहा. गोल पत्ते, वर लाखेचे काम, आणि दशावतारी जोडात एकशेवीस पाने. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंतची पाने. म्हणजे अख्खे पुराण हातात पंख्यासारखे धरून बसायचे. त्यातही बारकावा असा, की दिवसा डाव सुरू झाला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, आणि रात्री असेल तर कृष्णाचा राजा असेल त्याची. रामाचा जन्म भर दुपारचा आणि कृष्णाचा मध्यरात्रीचा, हे ठाऊक असलेल्या माणसाला हा नियम पाठच करावा लागत नाही. पुराणातून नियम घ्यावा तर असा.

ज्ञानाची सापशिडीही आपलीच. जुन्या पटांवर शिडीच्या पायथ्याशी सद्गुण आणि सापाच्या तोंडाशी दुर्गुण लिहिलेले असत. अनेक पटांवर सापच जास्त, कारण पट करणाऱ्याने माणसे पाहिलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तिथे काही काळ इंग्रजी सद्गुण चिकटवून पाहिले, मग हळूहळू तेही गळले. उरले नुसते साप, शिड्या आणि नशीब. खेळ जगतो, पण ज्याच्यातून तो निघाला ते मागे राहते. ही गोष्ट मला एरवी इतकी लागली नसती. पण एका बाईंची हकिकत वाचली आणि आमचा 'व्यापार' आठवला.

'व्यापार' म्हणजे मे महिन्याच्या सुटीतला पट. शहरे विकत घ्यायची, घरे बांधायची, दुसरा येऊन पडला की भाडे उकळायचे. आमचा एक मावसभाऊ कायम बँकर असे आणि कायम जिंकत असे. या दोन गोष्टींचा संबंध आम्हाला पुष्कळ उशिरा कळला. संध्याकाळपर्यंत एकाकडे सगळा पट, बाकीचे कफल्लक आणि निदान एक जण रडत, हा डावाचा ठरलेला शेवट. त्या रडण्यासाठीच तो खेळ मुळात रचला होता, हे आम्हाला काय ठाऊक!

कारण 'व्यापार' हा अमेरिकन 'मोनॉपली'चा देशी भाऊ, आणि 'मोनॉपली' निघाली एका अर्थशास्त्राच्या पुस्तकातून. हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' लिहिले. म्हणणे सरळ होते. गाव वाढते सगळ्यांच्या कष्टाने. पण फायदा होतो तो जमीन अडवून स्वस्थ बसलेल्या माणसाचा. (स्टेशन येणार म्हटल्यावर शेजारच्या खाचराचा भाव कसा चढतो, हे आपल्याला सांगायला नको.) म्हणून कर घ्यायचा तो जमिनीच्या या फुकट वाढलेल्या किमतीवर घ्यावा. हे पुस्तक एका बापाने आपल्या मुलीच्या हातात दिले. तिचे नाव लिझी मॅगी. वॉशिंग्टनमध्ये ती लघुलेखनाची नोकरी करी. बाई स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. टंकलेखन यंत्राच्या एका सुधारणेचे पेटंट आधीच त्यांच्या नावावर होते. आणि नोकरदार बाईची अवस्था लोकांना कळावी म्हणून त्यांनी १९०६ साली 'तरुण अमेरिकन गुलाम विकणे आहे' अशा थाटाची स्वतःचीच जाहिरात दिली होती.

जाडे पुस्तक लोक वाचणार नाहीत, पण त्याचा खेळ केला तर खेळतील, असे त्यांच्या मनात आले. 'द लँडलॉर्ड्स गेम' या नावाने ५ जानेवारी १९०४ रोजी त्यांना पेटंट मिळाले. पट वर्तुळासारखा फिरत राहणारा, कोपऱ्यात तुरुंग, मध्ये आगगाड्या, आणि 'धरणीमाते'च्या घरावरून गेले की श्रमाची मजुरी शंभर डॉलर. नियम मात्र त्यांनी दोन तऱ्हांचे केले. एका तऱ्हेत संपत्ती वाढली की सगळ्यांना वाटा. दुसऱ्या तऱ्हेत एकाने सगळ्यांना चिरडायचे. दोन्ही खेळून पाहा आणि काय ते ठरवा! लोकांनी दोन्ही पाहिले आणि चिरडायचे ठरवले.

मग हा पट हाताहातांतून फिरला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात स्कॉट निअरिंग यांनी तो विद्यार्थ्यांना शिकवला. घरोघरी लोकांनी हाताने पट रंगवले. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर मंडळींनी त्यावर आपल्या गावातल्या रस्त्यांची नावे घातली. त्यांच्याकडून तो फिलाडेल्फियाच्या टॉड दांपत्याकडे आणि टॉडांकडून चार्ल्स डॅरो या बेकार विक्रेत्याकडे आला. डॅरोने तो आपल्या नावावर विकायला काढला. पार्कर ब्रदर्स या कंपनीने आधी नाकारला, नंतर खप पाहून १९३५ साली विकत घेतला. मंदीत नोकरी गेलेल्या गरिबाला घरबसल्या खेळ सुचला आणि तो लक्षाधीश झाला, ही कथा पटाइतकीच खपली. त्याच वर्षी कंपनीने लिझीबाईंचे पेटंट पाचशे डॉलरला घेतले. पुढच्या खपावर दमडी नाही. बाईंना वाटले, निदान आता हेन्री जॉर्जचा विचार घराघरांत पोचेल. जानेवारी १९३६ मध्ये वर्तमानपत्रात त्यांचा पट हातात धरलेला फोटो आला, पण डॅरोची कथा तोवर फार पुढे गेली होती. १९४० च्या खानेसुमारीत त्यांनी आपला व्यवसाय लिहिला, 'खेळ करणारी'. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. १९४८ साली त्या वारल्या.

हे सगळे उजेडात आले तेही एका अर्थशास्त्राच्या मास्तरांमुळे. राल्फ अॅन्स्पाक यांनी १९७३ साली 'अँटि-मोनॉपली' नावाचा खेळ काढला. पलीकडून आक्षेप आला, कोर्टकचेरी सुरू झाली, आणि आपला बचाव शोधता शोधता त्यांना जुन्या पेटंटांत लिझीबाई सापडल्या. दरम्यान १९७७ साली त्यांच्या खेळाचे हजारो संच मिनेसोटात खड्डा खणून पुरण्यात आले. जमीन बळकावण्याच्या विरोधातला खेळ, अखेर जमिनीतच गेला. खटला मात्र सुमारे दहा वर्षांनी मास्तरांच्या बाजूने मिटला.

आता त्या डॅरोने पट उतरवून घेताना एक गंमत झाली. अटलांटिक सिटीजवळ 'मार्व्हेन गार्डन्स' नावाची वस्ती आहे. टॉडांच्या पटावर ते चुकून 'मार्व्हिन' झाले होते. डॅरोने चुकीसकट उतरवले, आणि पटावर ते तसेच छापत राहिले. १९९५ साली कंपनीने त्या वस्तीतल्या रहिवाशांची याबद्दल रीतसर माफी मागितली. शुद्धलेखनाची.