कुकडीकाठची राख आणि तिचे वय

जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेस, कुकडी नदीच्या काठी बोरी हे गाव आहे. नदीने पुरांबरोबर आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर येथे साचले असून पावसाच्या पाण्याने त्यांत खोल घळी पडल्या आहेत. या घळींच्या भिंतींत तपकिरी मातीच्या मधोमध पिठासारखा मऊ, फिकट राखाडी थर आढळतो. ही ज्वालामुखीची राख आहे. पण आपल्या सह्याद्रीचा लाव्हा तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. मग ही राख कोठून आली आणि कधी? या दोन प्रश्नांचा इतिहास विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा असा आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील रवी कोरीसेट्टर, शीला मिश्र, शरद राजगुरू आदी संशोधकांनी अन्य संस्थांतील सहकाऱ्यांसह १९८८-८९ मध्ये या थराचा शोध प्रसिद्ध केला. याच गाळात अश्मयुगीन माणसाच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या होत्या. दगडाच्या हत्याराचे वय सहसा थेट मोजता येत नाही, पण राखेचे मोजता येते. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने ते सुमारे १४ लाख वर्षे आले. हे खरे असेल, तर भारतातील माणसाचा अतिप्राचीन पुरावा जुन्नर तालुक्यात होता!

पुढे १९९५ मध्ये याच पद्धतीच्या सुधारित रूपाने ६.७ लाख वर्षे हे उत्तर मिळाले. एकाच राखेची दोन वये कशी? पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अतिशय सावकाश आर्गॉन वायूत बदलतो. साठलेला आर्गॉन मोजून वय काढतात. परंतु नमुन्यात जुन्या खडकाचे कण मिसळले, तर त्यांचा आर्गॉनही हिशेबात येतो. एक गणित करून पाहू. राखेच्या नमुन्यातील पोटॅशियमच्या शंभर भागांपैकी एकच भाग ६.६ कोटी वर्षे जुन्या बेसाल्टातून आला असेल, तर वय ६.६ लाख वर्षांनी फुगते. बोरीत नेमके हेच झाले असे नव्हे. पण भोवती सर्वत्र बेसाल्ट असलेल्या प्रदेशात केवढी सावधगिरी हवी, हे यावरून ध्यानात यावे.

आता दुसरी वाट धरणे भाग होते. राखेचे वय बाजूस ठेवून आधी तिचे कूळ शोधायचे! प्रत्येक मॅग्मात काही मूलद्रव्ये दर दहा लाख भागांत मोजण्याइतकी अल्प असतात. त्यांची परस्पर प्रमाणे ठशांसारखी ओळख पटवतात. बेसाल्टात तांबे, निकेल, व्हॅनेडियम तुलनेने अधिक असतात. बोरीची राख म्हणजे मुख्यतः सिलिकासंपन्न काचेचे सूक्ष्म तुकडे. त्यांत रुबिडियम, थोरियम, युरेनियम अधिक. हे कूळ सह्याद्रीचे नव्हे. ते जुळले इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी. म्हणजे ही राख तीन हजार किलोमीटरहून अधिक दुरून वाऱ्याने आलेली!

परंतु टोबाचे मोठे उद्रेक एकाहून अधिक झाले. त्यांतला सर्वांत मोठा व अखेरचा सुमारे ७४-७५ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्यांपैकी कोणत्या उद्रेकाची? जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी भारतातील नमुने टोबाच्या राखेशी व हिंदी महासागराच्या तळातील थरांशी ताडून पाहिले. शिवाय पश्चिम भारतातील दोन नमुन्यांचे वय विखंडन-रेषा पद्धतीने काढले. युरेनियमचे अणुकेंद्र आपोआप फुटते तेव्हा काचेत सूक्ष्म ओरखडा उठतो. असे ओरखडे मोजून काळ ठरवतात. एकच अल्पांश धातू येथे ठसाही झाला आणि घड्याळही. १९९८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: द्वीपकल्पातील टोबाची ज्ञात राख सर्वत्र शेवटच्या उद्रेकाचीच आहे. लेखकांत कोरीसेट्टर हेही होते. १४ लाखांचा आकडा जगापुढे ठेवणाऱ्यांपैकीच एकाने तो मागे घेण्यास हात लावला, ही गोष्ट आम्हांला त्या आकड्याहून मोठी वाटते.

सर्वांचे एकमत मात्र झाले नाही. जुन्या वयाचा पक्ष पुढेही मांडला गेला. शिवाय राख तरुण ठरली म्हणून हत्यारेही तरुण ठरत नाहीत. नदी जुने थर खणून त्यांतले दगड नव्या गाळात टाकू शकते. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील हातकुऱ्हाडींचे वय २०११ मध्ये अन्य पद्धतींनी सुमारे १५ लाख वर्षे ठरले आहे.

आता राहिला प्रश्न पुराव्याच्या रक्षणाचा. धरणे झाली, कालवे आले, तशा दख्खनच्या नद्यांकाठच्या घळी सपाट करून तेथे शेते होऊ लागली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण माती उलथली की राखेतले धातू शेतात राहतात, थरांचा क्रम मात्र कायमचा जातो. कोणते खाली, कोणते वर, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नाही.

म्हणून नदीकाठच्या शाळांना आमचे सांगणे आहे. घळीच्या भिंतीत फिकट, मऊ थर दिसला, तर छायाचित्र घ्या, खोली मोजा, वरचे-खालचे थर लिहून ठेवा. मग चिमूटभर नमुना धुऊन शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. फुटलेल्या बुडबुड्यांच्या कडांसारखे पारदर्शक, वक्र काचकण दिसले, तर नांगर फिरण्यापूर्वी डेक्कन कॉलेजला कळवा.