न बांधलेले धरण

केरळातील मुक्कालीहून जीपने तेवीस किलोमीटर गेले की सैरंध्री येते. नाव अज्ञातवासातल्या द्रौपदीचे. खाली वाहते ती कुंतीपुळा. ‘सायलेंट व्हॅली’ हे नाव इंग्रजांच्या काळचे. रातकिड्यांची किरकिर नाही म्हणून ते पडले, असे सांगतात. मला मात्र शीळकरी कस्तुराची शीळ लांबवर ऐकू आली आणि झाडाच्या शेंड्यावर सिंहपुच्छी माकड दिसले.

मनोऱ्यावरून मी शोधत होतो ती धरणाची जागा. १९७३ मध्ये नियोजन आयोगाने येथील जलविद्युत प्रकल्पास मान्यता दिली होती. सुमारे ८३० हेक्टर क्षेत्र बुडणार होते. विरोध निव्वळ भावनेचा नव्हता. सुगतकुमारींसारख्या कवयित्री पुढे आल्याच. पण केरळ शास्त्र साहित्य परिषदेने प्रकल्पाचा तांत्रिक आणि आर्थिक हिशेबही तपासून मांडला. जानेवारी १९८० मध्ये उच्च न्यायालयात विरोधक हरले, तरी लढा थांबला नाही. पुढे नेमलेल्या एम. जी. के. मेनन समितीत पुण्याचे माधव गाडगीळही होते. १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला. १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

आपला इतिहास बहुधा बांधलेल्या गोष्टींचा असतो. कोयनेचा शिवसागर मी अनेकदा कौतुकाने पाहिला आहे. त्याच्या तळाशी काय गेले, हे कधी विचारले नाही. सैरंध्रीला ते विचारावे लागले नाही. जे बुडायचे होते ते समोर उभे होते, आणि त्यातून शीळ येत होती.