हर्लिंगहॅम क्लब: कबुतरांवरच्या पैजा ते पोलो

लंडनच्या फुलहॅम भागात, टेम्सच्या काठी असलेल्या हर्लिंगहॅम क्लबात आज टेनिस आणि क्रोके चालतं. बोधचिन्हावर मात्र कबूतर आहे. फ्रँक हीथकोट यांनी १८६७ मध्ये ही जागा कबुतरांच्या नेमबाजीसाठी मागून घेतली आणि १८६९ मध्ये क्लब उभा राहिला. तोवर हा खेळ दारूच्या गुत्त्यांमागे चाले. इथे खुद्द युवराज, पुढचे सातवे एडवर्ड, आश्रयदाते झाले.

पाच यार्डांच्या अंतराने पाच पेट्या मांडत, प्रत्येकीत एक जिवंत कबूतर. कोणती पेटी उघडणार हे नेमबाजाला ठाऊक नसे. त्याने इशारा दिला की माणूस दोरी ओढी, पेटी कोसळे, पक्षी उडे. जितका नेमबाज तरबेज, तितका त्याला लांब उभा करत; पैजेत चुरस राहावी हा त्यामागचा हिशोब. बुकी बाजूलाच भाव पुकारत. जखमी पक्षी कुंपणापलीकडे पडला तर तो 'चुकला' धरत. पैज तिथेच संपे, पाखराचे हाल संपत नसत. मला या खेळातलं हेच सर्वांत क्रूर वाटतं.

१८७४ मध्ये मैदानावर पोलो आला, पाठोपाठ क्लबाने त्याचे नियम बांधले आणि जगभरातल्या पोलोवर त्यांची छाप पडली. इकडे १८८३ मध्ये कबुतरांची नेमबाजी बंद करणारं विधेयक कॉमन्समध्ये मंजूर होऊनही लॉर्ड्सच्या सभागृहात पडलं. १९०० मध्ये पॅरिसला ऑलिंपिकच्या वेळीही जिवंत कबुतरं मारली गेली.

शेवटी १९०५ मध्ये सभासदांनीच नेमबाजी बंद केली. थेलुसन नावाचे सभासद कोर्टात गेले: ज्यासाठी क्लब काढला तेच कसं बंद करता? १९०७ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताचा निर्णय उचलून धरला. क्लबाच्या वाटचालीतली सर्वांत मोठी गोष्ट मी हीच मानतो. ब्रिटनचा कायदा त्यानंतर, १९२१ मध्ये आला.

वाशीम-कारंज्याकडच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, शौकिनांना आपला १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा चांगलाच ठाऊक आहे. त्याच्याच आधारे २०१४ मध्ये शर्यती थांबल्या. राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती मान्य केली. बैलाला इजा होऊ नये म्हणून निदान अटी घालता येतात. कबुतरांच्या खेळात तशी सोयच नव्हती. कोंडलेले प्राणी सोडून त्यांच्यावर गोळ्या झाडण्याची स्पर्धा भरवणं आणि तीत भाग घेणं, दोन्ही त्याच कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे.