भिंगाकडे काय मागावे?



मांजरसुंब्याच्या चौकात चार वाटा भेटतात. एक बीडला जाते, एक चौसाळ्यावरून सोलापूरकडे, एक केज-अंबाजोगाईला आणि एक पाटोद्याला. या मुलखात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याला किती तऱ्हेची भिंगे लागतील, याचा कधी विचार केलाय? पाटोदे तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. मोर माणसाला जवळ येऊ देत नाही. तिथे दूरचे जवळ आणणारे लांब भिंग हवे. बीडच्या वाटेवर खजाना विहीर आहे. विहिरीत उतरलेल्या माणसाला मागे सरकायला जागा कुठली? तिथे रुंद पाहणारे भिंग हवे. देवळाच्या गाभाऱ्यात समईपुरता उजेड. तिथे उजेड भरपूर घेणारे भिंग हवे. आणि कापसाच्या बोंडातली अळी वर्गात मोठी करून दाखवायची, तर अगदी जवळचे पाहणारे.

म्हणून फोटोग्राफर मंडळी एकत्र बसली, की हटकून एक विषय निघतो : कारखानदाराने पुढचे भिंग कोणते काढावे? उजेड जास्त घेणारे, पण हलके. रुंद पाहणारे, पण रेषा न वाकवणारे. आणि हो, स्वस्त! ही मागणी आजची नव्हे. छायाचित्रणाची कला जेवढी जुनी, तेवढीच ही मागणी जुनी. ती कशी पुरी होत गेली, ते आपल्याच मराठवाड्यातल्या एका ठिकाणावर उभे राहून पाहू. ते ठिकाण म्हणजे अजिंठा.

मांजरसुंब्यावरून जाणारा धुळे-सोलापूर रस्ता उत्तरेला छत्रपती संभाजीनगर गाठतो आणि तिथून एक वाट अजिंठ्याला फुटते. १९४८ पर्यंत बीड काय आणि अजिंठा काय, दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याला धाडले. काम एकच : भिंतीवरच्या चित्रांच्या हुबेहूब नकला कापडावर तैलरंगात उतरवायच्या. गिलने त्यात वर्षामागून वर्षे घातली. नकला लंडनला गेल्या, तिथल्या काचमहालात मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ मधल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी तेच काम नव्याने केले. १८८५ साली लंडनच्या संग्रहालयाला आग लागली आणि त्यांतल्याही कित्येक नकला गेल्या.

आता तुम्ही विचाराल, कॅमेरा तर १८३९ सालीच जगापुढे आला होता. मग एवढा कुंचल्याचा खटाटोप कशाला? रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर भिंगात आहे, पण सगळेच भिंगात नाही.

आधी भिंगाचे पाहू. भिंग किती उजेड आत घेते, ते अंकाने सांगतात. अंक लहान, तितका उजेड जास्त. अंक निम्मा झाला, की उजेड चौपट होतो. पहिल्या कॅमेऱ्यांवर पॅरिसच्या शेव्हालिएचे भिंग असे. त्याचा अंक पंधराच्या आसपास. भर उन्हातसुद्धा चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. डोंगर तेवढा वेळ उभा राहील. माणूस कसा राहणार? गिऱ्हाइकाच्या मानेमागे लोखंडी आधार लावून त्याला बसवीत. म्हणून मागणी झाली : माणसाची छबी निघेल असे भिंग द्या. व्हिएन्नाचे गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी ते मनावर घेतले. आकडेमोड प्रचंड, तिला तोफखान्यातले हिशेबात तरबेज असे लोक मदतीला आले. १८४० साली तयार झालेल्या त्या भिंगाचा अंक होता ३.६. म्हणजे उजेड पंधरा-वीस पट वाढला आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. फोइग्टलेंडरच्या कारखान्याने ते भिंग विकायला काढले.

पण उजेड मिळाला, तशी एक खोड मागे राहिली. चित्राचा मध्य रेखीव आणि कडा पुसट. माणसाचा चेहरा मध्यभागी असतो, तेव्हा चालून गेले. भिंतभर पसरलेल्या चित्राची नक्कल घ्यायची असेल, तर कडेचा हत्ती आणि मधला राजा सारखेच स्पष्ट यायला हवेत. तिथे हे भिंग काय कामाचे?

गिलनेही पुढे कॅमेरा हाती घेतलाच. १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांनी कोरीव लेण्यांवर पुस्तक काढले, त्यात गिलची ७४ छायाचित्रे आहेत. पाषाणातले खांब, कमानी, लेण्यांची तोंडे कॅमेऱ्याला साधत होती. भिंतीवरचे रंग साधेनात. आणि इथे दुसरी अडचण होती, ती नीट ध्यानात घ्या. त्या काळच्या काचपट्टीवरचा मसाला निळ्या उजेडालाच दाद देई; तांबडे आणि पिवळे तिला दिसतच नसे. अजिंठ्याच्या चित्रांत गेरू आणि पिवळी माती तर ठायी ठायी. असे रंग पट्टीवर काळे ठिक्कर पडत. जगातले सर्वांत उत्तम भिंग आणून दिले असते, तरी हा दोष गेला नसता. १८७३ साली फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने मसाल्यात रंगद्रव्य मिसळून पट्टीला इतर रंग दाखवायला सुरुवात केली, आणि १९०६ च्या सुमारास तांबड्यासकट सारे रंग ओळखणाऱ्या पट्ट्या बाजारात आल्या. तात्पर्य, नवे भिंग मागण्याआधी अडते कुठे, ते ओळखावे.

बरे, कडेच्या पुसटपणाचे काय झाले? पेट्झवालांसारखा गणिती मिळूनही तो पुरता का जाईना? कारण कागदावर गणित सुटले, तरी त्या गुणाची काचच मिळत नव्हती. १८८४ साली जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉट, एर्न्स्ट आब्बे आणि झाइसचा कारखाना यांनी मिळून काचेची भट्टी उभी केली. निरनिराळी द्रव्ये मिसळून त्यांनी नव्या गुणांच्या काचा काढल्या. मग १८९० साली झाइसच्या पाउल रुडॉल्फ यांनी त्या काचांतून मध्यापासून कडेपर्यंत रेखीव पाहणारे भिंग रचले. १९०२ चे त्यांचे चार काचांचे ‘टेसार’ तर जगभर गेले. मागणी करणारा, गणित करणारा आणि काच ओतणारा असे तिघे एकत्र आले, तेव्हा कुठे काम झाले.

अजिंठ्याला त्याचे फळ मिळाले. निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे मोठे ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध केले, आणि त्यातल्या प्रती कुंचल्याच्या नव्हेत, छायाचित्रांवरून केलेल्या होत्या. एक प्रत जळाली, तरी दुसरी छापता येऊ लागली. शंभर वर्षे जे साधले नव्हते, ते साधले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या लोकांना हे काही कळत नव्हते, असे समजू नका. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली, त्यात डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ होते. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर १९१८ साली चलच्चित्राचा कॅमेराच घरी घडवला. जोडीला विष्णुपंत दामले होते. पेटी, दातेरी चाके, दांडा हे सारे आपल्या कारागिरांच्या हातचे काम होते. भिंगाची काच मात्र तेव्हा देशात कुठेच होत नव्हती. ही काच म्हणजे खिडकीची काच नव्हे. तीत बुडबुडा नको, रेघ नको. ती ढवळावी लागते आणि दिवसचे दिवस हळूहळू निववावी लागते, नाहीतर अंगचा ताण राहून प्रतिमा बिघडते. स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याला काच आणि मृत्तिकाशिल्पाची केंद्रीय संशोधनसंस्था निघाली, आणि तिथे पुढे ही काच होऊ लागली. हात होते, हौस होती. काच नव्हती, म्हणून आपली मागणी परक्या दारी जात होती.

तरीही मागणी नेमकी असली, की तिला उत्तर मिळते, याचे एक उदाहरण सांगतो. उंच दीपमाळेचे छायाचित्र घ्यायला कॅमेरा वर कलवलात, की दीपमाळ मागे रेललेली दिसते. इमारतींची छायाचित्रे घेणाऱ्यांची ही जुनी तक्रार. मोठ्या पेटीच्या कॅमेऱ्यात भिंग वर सरकवता येई, लहानात येत नसे. १९६० नंतर लवकरच जपानच्या निकॉनने लहान कॅमेऱ्यासाठी सरकते भिंग काढले. कॅमेरा सरळ धरा, भिंग तेवढे वर सरकवा. दीपमाळ ताठ उभी! आजकाल काही वाकड्या रेषा यंत्र आपल्या गणितानेच सरळ करते. पण गाभाऱ्यात उजेडच शिरला नाही, तर गणित तरी कशावर करणार?

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना सुचवावेसे वाटते. मुलांना एक साधे भिंग द्या. खिडकीसमोरच्या भिंतीपाशी ते धरून पुढेमागे करायला सांगा. खिडकीची उलटी प्रतिमा भिंतीवर पडेल. मध्य कसा आहे, कडा कशी आहे, ते त्यांनाच पाहू द्या; पेट्झवालांची अडचण त्यांना डोळ्यांनी दिसेल. मग त्यांना आपल्या गावातली एक जुनी वस्तू निवडू द्या : विहीर, वीरगळ, देवळाचा खांब. वस्तू किती दूर, उजेड किती, मागे सरकायला जागा किती, रेषा सरळ हव्यात की नाही, आणि गाठीला पैसे किती, हे पाच प्रश्न वहीत लिहू द्या. ‘चांगले भिंग हवे’ या मागणीला कोणताच कारखानदार उत्तर देऊ शकत नाही. या पाच उत्तरांना देऊ शकतो.

आणि भिंग येईपर्यंत थांबूही नका. गिलच्या नकला जळाल्या, तरी १८६४ च्या पुस्तकातली त्याची छायाचित्रे आज पाहता येतात. हाती होते त्या भिंगाने, उजेड होता तेवढ्या उजेडात त्याने ती घेतली. आपल्या गावातला वीरगळ पावसात झिजतो आहे. हाताशी असेल त्या कॅमेऱ्याने, सकाळच्या तिरप्या उन्हात, त्याचे एक छायाचित्र या आठवड्यात घ्या, आणि मागे तारीख व गावाचे नाव लिहून ठेवा.